हात आवरायचे दिवस

ठकी पाण्याच्या भांड्याला विळखा घालून बसली, तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण मालकीण या कामात नवखी. तिला वाटलं, पेटी जास्त तापली असणार. तिनं थर्मामीटर पाहिला, थर्मोस्टॅटची वायर हलवून पाहिली. सगळं जागच्या जागी होतं.

जानेवारीचा दुसरा आठवडा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, रॅले शहराला लागून कॅरी आहे. तिथल्या एका मराठी घरात वरच्या मजल्यावर, आईवडील भारतातून आले की ज्या खोलीत उतरतात त्या खोलीत, चार फूट लांब आणि दोन फूट रुंद-उंच अशी काचेची पेटी आहे. पेटीचं एक टोक ३२ अंश सेल्सिअसवर, दुसरं २६ वर. सापाला अंगची ऊब नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. म्हणून दोन्ही टोकं तयार ठेवायची आणि कुठे बसायचं ते त्याच्यावर सोडायचं. ठकी एरवी उबेच्या टोकाच्या लाकडी ढोलीत पडून असायची. आता ती थंड टोकाला, चिनी मातीच्या जड भांड्याभोवती, तीन दिवस तशीच होती. चिमट्यात धरून पुढे नेलेला उंदीर तिनं जीभ लवलवून हुंगला आणि मान फिरवली.

मालकिणीकडे एक दोनशे पानी वही आहे. मूळची कराडची, नोकरी सॉफ्टवेअरची, पण ठकीचा हिशेब संगणकावर नाही, वहीत. त्या दिवशीची नोंद: ‘वजन २,१४० ग्रॅम. उंदीर नको.’

ठकी बॉल पायथन जातीची. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा बुटका अजगर. मादी मोठी झाली तरी चार-पाच फुटांपलीकडे सहसा जात नाही. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून अमेरिकेत त्याला बॉल म्हणतात. ब्रिटनमध्ये त्याचंच नाव रॉयल. काळ्या-तपकिरी अंगावर पिवळसर सोनेरी ठिपके, जुन्या लाकडी बाहुलीसारखे रंगवलेले. ठकी नाव त्यावरूनच पडलं. डिसेंबरात ती या घरी आली. आधीचा मालक घर बदलत होता, सगळे साप देऊन टाकत होता. मादी आठ वर्षांची, खाण्यापिण्याची तक्रार नाही, इतकं त्यानं सांगितलं. नोव्हेंबरात दोनदा ती नरासोबत ठेवली होती, हे मात्र विचारल्यावर सांगितलं. तेही जानेवारीत.

आणली एकटी म्हणून, पण आली ती ओटी भरून.

फोनवर मालकिणीनं त्याला आधी विचारलं ते नराबद्दल. नर कोणता? साधा होता. ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. या जातीत रंगांचे शेकडो प्रकार माणसानं जुळवून काढलेत. १९९२ मध्ये बॉब क्लार्क या अमेरिकनानं पाळीव जोडीपासून पहिली पांढरी-पिवळी, लाल डोळ्यांची पिल्लं मिळवली आणि तिथून ही शर्यत लागली. त्यातलाच एक ‘स्पायडर’ नावाचा प्रकार. जाळीसारखी नक्षी, दिसायला देखणी. पण त्या नक्षीच्या जनुकाबरोबर डोकं डगमगण्याचा दोष येतो. साप मान वाकडी करतो, उंदरावर झेपावताना चुकतो, कधी उलटा पडतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा सापांच्या आतल्या कानाची ठेवणच बिघडलेली आढळली. नर स्पायडर असता तर निम्मी पिल्लं तशी निघाली असती. नक्षीसाठी एखाद्या जिवाला जन्मभर भोवळ देणं याला छंद म्हणणं जड जातं. ब्रिटनमधल्या एका सरीसृप संस्थेनं आपल्या प्रदर्शनांत हा प्रकार विकायला बंदी घातली आहे, ती उशिरा का होईना पण योग्यच.

जानेवारीच्या शेवटी सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे सोनोग्राफी झाली. पडद्यावर काळ्या गोळ्यांची माळ दिसली, एकेक गोळा तीन सेंटिमीटरच्या आसपास. ही अजून अंडी नव्हेत, अंड्यांचे बलक. ते मोठे होतील, मग एके दिवशी सुटतील, फळतील आणि वर कवच चढेल. डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. हाताळणं कमी करा, ओलावा वाढवा, खात नसेल तर मागे लागू नका.

मालकिणीला तिसरीच अवघड गेली. आठवड्याला उंदीर खाणारं जनावर महिनाभर उपाशी आहे आणि आपण नुसतं बघत बसायचं! तिनं एकदा लहान उंदीर देऊन पाहिला. फ्रीजरमधला, कोमट पाण्यात विरघळवलेला, केस कोरडे केलेला, सगळं नेहमीप्रमाणे. ठकी ढोलीत आणखी मागे सरकली. अंडी पोटात वाढत असताना या जातीच्या बऱ्याच माद्या खात नाहीत. रानातही खात नाहीत. वर्षभर साठवलेल्या चरबीवर त्या निभावतात. म्हणूनच अशक्त मादीला नराजवळ ठेवणं हा पहिला गुन्हा. जाणकार पाळणारे दीड किलोच्या आतल्या मादीचा विचारच करत नाहीत.

ठकीचं वजन मजबूत होतं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

कराडला फोन व्हायचा शनिवारी सकाळी. आईला लेकीनं साप पाळला आहे हे पचायलाच सहा महिने लागले होते. ठकीच्या आधी घरी एक नर होता, तो अजूनही शेजारच्या पेटीत आहे. पण हे प्रकरण आईच्या विषयातलं निघालं.

‘कितवा महिना म्हणायचा गं?’

‘अगं आई, महिने नसतात. आधी कात टाकेल. कात टाकली की तिथून तीसेक दिवस.’

‘आणि तोवर काहीच खायचं नाही? डोहाळे-बिहाळे?’

‘डोहाळे उलटे. उबेला पाठ लावून पडते. पोट वर करून.’

हे खरंच. बलक सुटले ती तारीख वहीत आहे, २० फेब्रुवारी. सकाळी ठकीच्या अंगाचा मधला भाग असा फुगला होता, जणू रात्री कुणी तिला ससा चारला. संध्याकाळी फुगार ओसरू लागला, दुसऱ्या दिवशी गायब. हा एक दिवस चुकला की पुढचं गणित अंदाजावर येतं. त्यानंतर ठकीनं थंड टोक सोडलं आणि उबेकडे मुक्काम हलवला. एके सकाळी ती अर्धी उताणी होती, पांढरं पोट छताकडे, दिव्याच्या खाली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, गेली. पोटातल्या अंड्यांना ऊब पोचवण्याची ही माद्यांची रीत पाळणाऱ्यांना ठाऊक असते. मालकिणीनं वाचलेलं होतं, तरी तिनं दार उघडून एक बोट पुढे केलंच. ठकीनं फूत्कार टाकला. जिवंत होती.

त्या दिवसापासून पेटीवर एक चिठ्ठी लागली: ‘हात लावू नये.’ घरात राहणारी माणसं दोन. नवरा सापाच्या वाटेला जात नाही. चिठ्ठी कुणासाठी होती ते उघड आहे.

या कामाची गंमत, किंवा जाच, हाच आहे. गाभण गाईची सेवा करायची तर माणसाला करायला पुष्कळ असतं. वैरण, आंबोण, पाठीवरून हात. सापाच्या बाबतीत जे करायचं ते पेटीच्या भिंतींना, हवेला, पाण्याला करायचं, सापाला नाही. पेटीतला ओलावा ६० टक्क्यांवरून ७० वर नेला. पाण्याचं भांडं रोज धुऊन भरलं, कारण पोटात अंडी असलेली मादी तहानली तर अंडी बाहेर यायला अडतात. थर्मामीटर एकाचे दोन झाले, दोन्ही टोकांना तारेच्या टोकाचे. अंड्यांसाठी खोकं तयार झालं: झाकणाचा प्लास्टिक डबा, बाजूला साप जाईल एवढं भोक, आत ओलं शेवाळ. तो डबा उबेच्या बाजूला ठेवला. मादीला मनासारखी जागा सापडली नाही तर ती अंडी अडवून धरते, आणि सापांच्या बाळंतपणातला सगळ्यात वाईट प्रसंग तोच.

ठकीनं १४ मार्चला कात टाकली. नाकाच्या टोकापासून शेपटीपर्यंत सलग, पायमोजा उलटा काढावा तशी. ओलावा नीट असल्याची ती पावती. वहीत १३ एप्रिलला लाल पेनानं गोल झाला.

त्या तीस दिवसांत उबवणीची पेटी तयार करायची होती. बाजारात तयार यंत्रं मिळतात. तिनं थर्मोकोलचं जाड खोकं घेतलं, मासे पाठवायला वापरतात तसलं. तळाशी तापणारी पट्टी, तिला थर्मोस्टॅट, आणि मोकळ्या जागेत पाण्यानं भरलेल्या सहा बाटल्या. बाटल्यांचं काम साधं. वीज गेली किंवा झाकण उघडलं तरी पाणी चटकन गार होत नाही, म्हणून आतलं तापमान एकदम कोसळत नाही. खोकं पंधरा दिवस रिकामंच चालवलं. अंडी आल्यावर यंत्र शिकायचं नसतं.

अंडी ज्यात ठेवायची ते व्हर्मिक्युलाइट, म्हणजे भाजून फुलवलेलं अभ्रकासारखं खनिज. बागकामाच्या दुकानात गोणीनं मिळतं. वजनाला वजन पाणी घालायचं, असं पुस्तकात आहे. पण हाताची खूण वेगळी, आणि ती तिनं आईलाच फोनवर समजावली, कारण आईला ती लगेच कळणार होती. मूठ वळली पाहिजे, पण दाबल्यावर पाणी सुटता कामा नये. ‘म्हणजे रव्याच्या लाडवासारखं,’ आई म्हणाली. अगदी तसंच. सापाच्या अंड्याचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं, मऊ चामड्यासारखं असतं. ते भोवतालचं पाणी ओढून घेतं आणि फुगतं. कोरडं पडलं तर सुकून चपटं होतं, चिंब झालं तर आतलं पिल्लू गुदमरतं.

१२ एप्रिलच्या रात्री साडेअकराला ठकी शेवाळाच्या डब्यात गेली आणि डोकं बाहेर काढेना.

खोलीतला मोठा दिवा बंद होता. मालकीण लाल उजेडाचा छोटा टॉर्च घेऊन खुर्चीत. डब्याच्या पारदर्शक बाजूनं ठकीच्या अंगावरून लाटा जाताना दिसत होत्या, डोक्याकडून शेपटीकडे, सावकाश. एक वाजून वीस मिनिटांनी पहिलं अंडं आलं. पांढरं, ओलसर चमकणारं, कोंबडीच्या अंड्यापेक्षा लांबट आणि चांगलंच मोठं. ठकीनं शेपटीकडच्या वेटोळ्यानं ते अंगाखाली ओढून घेतलं. दुसरं पाऊण तासानं, तिसरं त्याला चिकटून. ही अंडी घालताना चिकट असतात आणि काही तासांत एकमेकांना अशी जुळतात की पुढे ती वेगळी करायला गेलं तर कवच फाटतं. पावणेचारला चौथं.

मग काहीच नाही.

साडेचार. पाच. ठकी स्थिर. शेपटीच्या वर दोन उंचवटे स्पष्ट दिसत होते, म्हणजे आत अजून होती. मादीनं अर्धी अंडी घालून थांबणं आणि तिचं अडणं यांत फरक कसा करायचा, हे पुस्तकात एका वाक्यात असतं. पहाटे पाचला ते वाक्य पुरत नाही. अडण्याची कारणं बरीच: थंडी, तहान, अति चरबी, ढिले स्नायू, आडवं झालेलं किंवा फार मोठं अंडं. अशा वेळी नवखा माणूस करतो ती चूक एकच. तो उंचवट्यावर बोटानं दाबून अंडं पुढे ढकलायला जातो. आतली नळी फाटते आणि मादी जाते. डॉक्टरांकडे एक्स-रे आहे, कोमट पाण्याची अंघोळ आहे, सुईनं अंड्यातला द्रव काढून ते लहान करण्याची युक्ती आहे, शेवटी शस्त्रक्रिया आहे. घरी काही नाही. घरी फक्त घड्याळ.

तिनं डॉक्टरांच्या आपत्कालीन नंबरावर फोन केला. पलीकडून सांगणं आलं, मादी जोर लावत राहिली, दमली, गुदद्वारातून काही बाहेर आलं, तर लगेच आणा. नाहीतर विसावा घेऊ द्या, एक दिवसही जाऊ शकतो. ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून खुर्चीत बसली. पुढे आईला सांगताना तिनं हे हसत सांगितलं, पण तेव्हा हसू येत नव्हतं.

सहा चाळीसला पाचवं आलं. सव्वासातला सहावं. आणि त्यामागून एक लहानसं पिवळं, मेणाच्या गोळ्यासारखं. ते न फळलेलं. इंग्रजीत त्याला स्लग म्हणतात. बाकीची सहा अंडी प्रत्येकी ८५ ते ९० ग्रॅमच्या घरात.

आता ठकीनं त्यांच्यावर शंकूसारखं वेटोळं घातलं, डोकं वरच्या टोकाला. इथे मालकिणीचं मन गेले दोन आठवडे दोलायमान होतं. अंडी काढून यंत्रात ठेवायची, की तिच्याकडेच राहू द्यायची?

अजगराच्या मादीनं अंड्यांवर बसण्याचा प्रश्न जुना आहे आणि त्याची सुरुवात आपल्याकडची. बंगालात राहून आलेल्या लामार-पिको या फ्रेंच निसर्गप्रेमीनं १८३० च्या दशकात पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवलं की हिंदुस्थानातला अजगर अंड्यांना वेढून बसतो आणि त्यांना ऊब देतो. थंड रक्ताचा प्राणी ऊब कुठून देणार, म्हणून विद्वानांनी ते धुडकावलं. १८४१ मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहात अशीच एक मादी अंड्यांवर बसली आणि व्हॅलेन्सिएन या प्राणिशास्त्रज्ञानं थर्मामीटर लावून पाहिलं. वेटोळ्यातलं तापमान भोवतालच्या हवेपेक्षा खरोखर जास्त होतं. ही ऊब येते कशी, याचा नीट उलगडा मात्र १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातल्या एका बर्मी अजगरावरून झाला. मादी अंगाचे स्नायू ठरावीक लयीत आखडते, थंडीत आपण कुडकुडतो तशी, आणि त्यातून उष्णता तयार होते. गार पडेल तितकी ती जास्त आखडते.

ठकीच्या जातीत ही कुडकुड नाही. मग ती वेटोळं घालते कशाला? टोगोमध्ये याच जातीवर झालेल्या प्रयोगांचं उत्तर असं की मुख्यतः पाण्यासाठी. मादीचं अंग अंड्यांवरचं झाकण आहे. अंडी जास्त झाली आणि झाकण पुरलं नाही, तर बाहेरची अंडी सुकतात.

म्हणजे ठकी जे करत होती तेच काम खोकं आणि लाडवाचं व्हर्मिक्युलाइट करणार होतं. फरक एवढाच की ठकी बसली असती तर आणखी दोन महिने उपाशी राहिली असती, आणि ती ४ जानेवारीपासून जेवली नव्हती. कॅरीतल्या घराची यंत्रानं कोरडी झालेली हवा तिच्या बाजूनं नव्हती. अंडी काढायचं ठरलं. हा निर्णय मादीच्या भल्याचा होता. तिला तो तसा वाटला असेल असं मात्र समजू नये.

तिच्या डोक्यावर ओला टॉवेल टाकला. शेपटीकडून एकेक वेढा सोडवत गेलं. वेढा सोडवला की ती दुसरीकडून घालत होती. वीस मिनिटं. अंड्यांचा गठ्ठा जसा होता तसाच, एका पातळीत, उचलून डब्यात. त्याआधी प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर मऊ पेन्सिलीनं खूण. कोंबडी अंडी दिवसातून किती वेळा फिरवते, ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. सापाचं अंडं फिरवायचं नसतं. आतला गर्भ लवकरच वरच्या बाजूच्या कवचाला धरून बसतो. अंडं उलटं झालं तर तो बलकाखाली दबून मरू शकतो. अंधारात टॉर्च कवचाला टेकवल्यावर आत लालसर शिरांचं जाळं दिसलं. सहाही अंड्यांत.

वही, १३ एप्रिल: ‘ठकी १,४३० ग्रॅम. अंडी ६ + १.’

मग ठकीची अंघोळ. कोमट पाणी, साबण नाही. पेटीतलं सगळं अंथरूण बदललं, डबा बाहेर, ढोली धुतली. अंगाला अंड्यांचा वास राहिला तर मादी आठवडेच्या आठवडे रिकाम्या जागेभोवती वेटोळं घालून बसते. तरीही दोन दिवस ठकी ज्या कोपऱ्यात डबा होता तिथे जाऊन जीभ लवलवत राहिली. तिसऱ्या दिवशी ढोलीत गेली. २ मेला तिनं एक लहान उंदीर घेतला, झडप न घालता, जवळजवळ हातातून. पुढच्या आठवड्यात आणखी एक. एकदम मोठा द्यायचा नाही. एवढ्या उपासानंतर तो ती ओकून टाकू शकते.

खोक्यात तापमान ३१.५. चढलं तर नुकसान जास्त. पिल्लांचे कणे वाकडे निघतात, फार चढलं तर अंडी मरतात. उतरलं तर दिवस लांबतात. मगरी आणि बरीच कासवं यांच्यात तापमानावर नर की मादी ते ठरतं, सापांत तसं नाही. तीन आठवड्यांनी एक अंडं पिवळं पडून खचलं, त्यावर बुरशी आली. ते शेजारच्या दोघांना चिकटलेलं. मालकिणीचा हात पुन्हा शिवशिवला. चिकटलेलं अंडं ओढून काढताना चांगल्या अंड्याचं कवच फाटण्याचा धोका बुरशीपेक्षा मोठा, म्हणून ते तसंच राहिलं. जिवंत अंडी शेजारच्या बुरशीला सहसा दाद देत नाहीत. इथेही दिली नाही.

या मधल्या दिवसांत आईनं एक वेगळाच प्रश्न विचारला. कराडहून बत्तीस शिराळा फार लांब नाही. तिथली जिवंत नागांची नागपंचमी तिनं लहानपणी पाहिलेली, पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशानं ती थांबलेलीही पाहिली. ‘आपल्याकडे नाग धरायला बंदी,’ ती म्हणाली, ‘आणि तुमच्याकडे दुकानात साप मिळतो. मग हे आफ्रिकेतलं जनावर तिथे आलं कसं?’

प्रश्न नेमका होता. घाना, टोगो आणि बेनिन इथून गेल्या काही दशकांत हे अजगर लाखांच्या संख्येनं परदेशी गेले. हंगामात गावोगावचे लोक बिळं खणून अंड्यांवर आलेल्या माद्या पकडतात, त्या फार्मवर अंडी घालतात, अंड्यांतली पिल्लं विमानानं जातात. त्याच बेनिनमध्ये ओइदा या शहरात याच अजगराचं देऊळ आहे, आणि समोर कॅथलिक चर्च. तिथे हा साप देवाच्या जागी आहे. रात्री गावात फिरताना सापडला तर लोक त्याला उचलून देवळात परत नेऊन ठेवतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत ही जात आता धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. ठकी अमेरिकेतच जन्मलेली. तिची आजी-पणजी कुठल्या बिळातून निघाली असेल ते कुठल्याही वहीत नाही.

आपल्या बाजूलाही ही लाट पोचली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईला उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत अकरा साप सापडले. नऊ बॉल पायथन, दोन कॉर्न स्नेक. भारतातला कुठलाही रानटी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. बॉल पायथनसारखे परदेशी साप ज्यांच्याकडे आहेत त्यांना आता २०२४ च्या नियमांप्रमाणे नोंदणी करावी लागते, पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात.

आणि पिल्लांचं पुढे काय? हा प्रश्न अंडी येण्याआधी विचारायचा असतो. फ्लोरिडाच्या दलदलीत आज बर्मी अजगर माजले आहेत, ते पाळीव प्राण्यांच्या व्यापारातूनच तिथे सुटलेले. तिथल्या संशोधकांनी २०२२ मध्ये जिची माहिती जाहीर केली ती एक मादी जवळजवळ १८ फुटी, ९८ किलोची होती आणि तिच्या पोटात वाढत्या अंड्यांची संख्या भरली १२२. बॉल पायथन तेवढा मोठा होत नाही, पण जगतो फार. तीस वर्षं हा साधा हिशेब. सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीनं २०२० मध्ये सात अंडी घातली तेव्हा तिचं वय साठीपार होतं, आणि वीस वर्षांहून अधिक काळ तिनं नर पाहिला नव्हता. एक पिल्लू देणं म्हणजे समोरच्याला निम्म्या आयुष्याचं काम देणं. मालकिणीनं एप्रिलमध्येच तीन घरं शोधून ठेवली, तिघंही आधी साप पाळलेली. दोन पिल्लं ती स्वतः ठेवणार होती. नवऱ्यानं यावर काही म्हटलं का, हे वहीत नाही.

जूनच्या सुरुवातीला अंड्यांवर खळ्या पडू लागल्या. फुगलेलं कवच ढिलं झालं, वर घामासारखे थेंब. ९ जूनला, सत्तावन्नाव्या दिवशी, सकाळी एका अंड्यावर ब्लेडनं ओढावी तशी बारीक चीर होती. सापाच्या पिल्लाच्या वरच्या जबड्याला पुढे एक इवलासा दात असतो, फक्त कवच फाडण्यापुरता. काम झालं की तो गळून जातो. चिरेतून नाक आलं. श्वासाचा एक बुडबुडा फुटला. आणि नाक तिथेच राहिलं, दिवसभर.

ओढायचं नाही. पिल्लू आत बसून उरलेला बलक पोटात घेत असतं. घाईनं बाहेर काढलं तर बलकाची पिशवी बाहेर राहते. मालकिणीनं झाकण लावलं, ऑफिसची मीटिंग केली, झाकण काढलं, लावलं. दुसऱ्या दिवशी पहिलं पिल्लू आपसूक बाहेर आलं. सोळा इंच, पेन्सिलीपेक्षा थोडं जाड, आल्या आल्या फूत्कार. ११ जूनच्या रात्रीपर्यंत पाच.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर ती म्हणाली, ‘आईवर गेलीत,’ आणि मग, ‘तिला दाखवलीस का?’ नाही दाखवली. या जातीची मादी अंड्यांची राखण करते, पिल्लांची करत नाही.

वहीतलं शेवटचं लिहिलेलं पान २६ जूनचं आहे. पाचही पिल्लांनी पहिली कात टाकलेली. पहिलं खाणं, उंदराची इवली पिल्लं. एक, दोन, चार आणि पाच नंबरनं खाल्लं. तीन नंबर गोळा होऊन बसलं, डोकं आत. त्याच्यापुढे लिहिलं आहे: ‘नको. पाच दिवसांनी पुन्हा.’